शांततेतला घास

१

ही गोष्ट खरी आहे. शपथेवर सांगतो, आणि शपथ कुणाची घ्यायची ते तुम्हीच ठरवा. मी स्वतः त्या स्टुडिओत होतो, काचेच्या अलीकडे, स्टुलावर बसून. म्हणजे स्टूल नव्हतं, उभा होतो. आता नीटच आठवायचं तर त्या दिवसांत मी त्या गावातही नव्हतो. पण ज्याने मला हे सांगितलं त्याला खोटं बोलायची अक्कल नाही, आणि त्याने सांगितलं नसतं तरी मी हे असंच सांगितलं असतं. खरं किती, रचलेलं किती, ते शेवटी कबूल करतो. तोवर मुकाट्याने ऐका.

तर एक वाचकबाई होती. पुस्तकं मोठ्याने वाचणं हा तिचा पेशा. लोक हल्ली कानात बोंडं खुपसून भांडी घासता घासता कादंबऱ्या ऐकतात ना, त्या बोंडांतून येणारा आवाज कुणाचा तरी असावा लागतो. तो हिचा. प्रेमकथा, खून, वजन घटवण्याचे उपाय, सगळं तिने वाचलं होतं, आणि सगळं अशा काही जिव्हाळ्याने, की ऐकणाऱ्याला वाटावं ही फक्त आपल्यासाठीच बसलीय.

या पेशात एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. माणसाचं तोंड ही फार घाणेरडी जागा आहे. आपल्याला ते कळत नाही, कारण आपण लांब उभे असतो. माईक जवळ असतो. त्याला लाळेची तार तुटलेली ऐकू येते, जीभ टाळूवरून सोलून निघालेली ऐकू येते. म्हणून वाचायला बसण्याआधी बाई आंबट हिरव्या सफरचंदाची एक फोड खायची. त्याने तोंड जरा स्वच्छ बोलतं. आणि तरीही माईकपुढच्या त्या काळ्या स्पंजला वास यायचाच. आजवर त्याच्यासमोर उघडलेल्या सगळ्या तोंडांचा मिळून एक वास. ओलं फडकं डब्यात बंद करून विसरावं, तसा.

काचेपलीकडे यंत्रावर बसणारा पोरगेलासा गडी होता. त्याला ती कानसेन म्हणायची. रोज काम सुरू करण्याआधी कानसेन हात वर करायचा, आणि बाई तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून मूर्तीसारखी बसायची. यावेळी रेकॉर्ड व्हायची ती खोलीची शांतता. हसू नका. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. वाक्यामधला खोकला कापला की तिथे भोक पडतं, ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. शिंपी कपड्याला त्याच कापडाचं ठिगळ लावतो, तसं. बाईच्या प्रत्येक पुस्तकात अशी शेकडो ठिगळं होती आणि कुणाला कधी शिवण दिसली नव्हती.

घरी तिचे वडील होते. अर्धांगवायूने त्यांचं अर्धं तोंड खाली ओघळलं होतं, वाकड्या जबड्यात कवळी बसत नव्हती, आणि सगळ्या भाषेतून एकच शब्द शिल्लक राहिला होता: "बास." पाणी हवं तरी बास, खिडकी लाव तरी बास, लेक दारात दिसली की आनंदानेही बास. आरशात स्वतःचा चेहरा पाहून ते एकदा असे रडले की बाईने त्या खोलीत आरसा म्हणून ठेवला नाही. दुसऱ्या कुणी भरवलं की त्यांना ठसका लागायचा, म्हणून भरवणं फक्त तिच्याकडे. सकाळी निघण्याआधी आणि दुपारी परतल्यावर. उकडलेला बटाटा, केळं, दुधात भिजलेला पाव, सगळं एकत्र कुस्करून केलेला करडा गोळा. मधल्या वेळात शेजारच्या काकू नुसत्या सोबतीला बसायच्या.

"मला नाही हं बाई त्यांची किळस येत," ती म्हणायची. न विचारता म्हणायची, त्यावरून काय ते समजा.

२

मग ती कादंबरी आली.

कादंबरीत एक मुलगा अंथरुणाला खिळलेल्या बापाला भरवतो. बस्स, एवढंच. पण पानंच्या पानं. ओठाच्या कोपऱ्यातून परत येणारा घास, तो चमच्याच्या कडेने हनुवटीवरून खरवडून पुन्हा आत लोटणं. टाळूला चिकटलेला लगदा बोटाने काढणं, आणि मग त्या बोटाचा वास, जो साबणाला दाद देत नाही. बापावर त्या मुलाचा जीव आहे, हेच वाईट. जीव नसता तर वाचणारा सुटला असता. शेवटच्या प्रकरणात मुलगा एका साध्या दुपारी चमचा खाली ठेवतो आणि पुन्हा उचलत नाही.

"खोटं आहे सगळं," पहिल्या दिवशी बाई माईकमधूनच म्हणाली. "असं कुणाला वाटत नसतं."

"मग घाम का पुसताय?" कानसेन पलीकडून म्हणाला.

"तुझा एसी बिघडलाय."

"एसी चालू असता तर आवाज आला नसता का, ताई? तो मी रेकॉर्डिंगला बंदच ठेवतो."

पण वाचलं तिने असं, की कानसेनने दुपारचा डबा उघडलाच नाही. घरून आणलेला डबा तसाच परत नेऊन आईच्या शिव्या खाल्ल्या.

घरी बाईचं बरं चाललं होतं. उलट वडिलांची तब्येत सुधारल्यासारखीच होती. पूर्वी निम्मी वाटी उरायची, आता लख्ख होत होती.

"सगळं संपवतात हल्ली," ती काकूंना म्हणाली.

"संपवतात, मग जातं कुठे?" काकू म्हणाल्या. "कूस बदलताना उशी उचलल्यागत वाटतं. तू मात्र भरलीस हो. गालबिल आलेत."

"बसून काम ना, काकू."

"बसून तर मीही असते दिवसभर, इथेच. मला नाही आले ते."

बाई हसली. खरं तर स्वतःसाठी स्वयंपाक करणं तिने सोडलंच होतं. भूकच लागत नव्हती. असली कादंबरी वाचून कुणाला लागेल, असं ती स्वतःला सांगायची, आणि ते पटण्यासारखंच होतं.

मग एक दिवस कानसेनने तिला आत बोलावलं. जुळवून झालेली प्रकरणं तो पुन्हा ऐकत होता.

"ताई, वाचताना तोंडात काही ठेवता का?"

"वेडा झालास?"

"सफरचंद?"

"ते मी गिळूनच बसते. का?"

त्याने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले. तिचाच आवाज. वाक्य संपलं. मग ठिगळ, शांततेचं. आणि त्या शांततेत अगदी खाली, कपड्याच्या आतल्या घडीत असावं तसं काहीतरी ओलं हललं. थांबलं. पुन्हा हललं. एका लयीत, बिनघाईचं. मग घसा उघडल्याचा बारीक आवाज, आणि काहीतरी खाली गेलं.

कुणीतरी जेवत होतं.

"उंदीर असेल," बाई म्हणाली.

"उंदीर कुरतडतो. हे चवीने चाललंय." कानसेनने हसायचा प्रयत्न केला. "आमच्या शांततेला भूक लागली म्हणायची."

आणि ते एका ठिकाणी नव्हतं. प्रत्येक ठिगळात होतं. तिने वाक्य वाचावं, थांबावं, आणि त्या थांबण्यात कुणीतरी घास घ्यावा. पुस्तकभर.

३

त्याच आठवड्यात लेखक महाशय आले. बाईला वाटलं होतं, असलं लिहिणारा माणूस दाढीबिढी वाढवलेला, लाल डोळ्यांचा असेल. हा तर इस्त्रीचा शर्ट घातलेला, दारात चपला जुळवून काढणारा गृहस्थ. रुमालाने सारखा ओठांच्या कडा टिपत होता.

"तुम्ही असलं लिहिता कशाला हो?" बाईने चहा येण्याआधीच विचारलं.

"लिहून टाकलं की जाईल असं वाटलं होतं."

"गेलं?"

"नाही. आता तुमच्याकडे आलं, एवढंच."

"माझ्याकडे काही आलेलं नाही," बाई म्हणाली. "मी माझ्या वडिलांना रोज भरवते. तुमच्या त्या मुलासारखं माझ्या मनात कधी काही येत नाही."

"मग तुम्ही भाग्यवान." लेखक खरंच तसं म्हणत होता, टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी लिहिलं, पण नंतर सलग कधी वाचलं नाही. चुका सुधारायच्या म्हणून एकेक ओळ झाकून बघितली. थोडं ऐकवता?"

कानसेनने बाईकडे पाहिलं, बाईने कानसेनकडे. शेवटी त्याने हेडफोन दिले. लेखक डोळे मिटून ऐकत राहिला. तिच्या वाक्यांना मान हलवत होता. मग एका थांब्याला त्याची मान हलायची थांबली. रुमाल तोंडावर गेला आणि तिथेच राहिला.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" त्याने विचारलं.

"काय?"

"हे मी काढून टाकलं होतं. एक परिच्छेद होता, शेवटाच्या आधी. मला स्वतःलाच सहन होईना. वाचणाऱ्यावर तरी किती अत्याचार करायचा, म्हणून खोडला. कुणालाही दाखवलेला नाही."

"काय होतं त्यात?"

"तो मुलगा…" त्याने पुन्हा ओठ टिपले. "नको. तुम्ही इथून घरी जेवायला जाणार असाल."

"अहो, एवढं ओकारी येण्यासारखं मला मोठ्याने वाचायला लावलंत, आणि आता माझ्या जेवणाची काळजी?"

"शेवटचं प्रकरण गाळता येईल का?" लेखकाने विचारलं. "मी पत्र देतो तसं."

बाईला राग आला. पेशाचा राग. "लिहिताना हात थांबला नाही ना? मग आता कान का पळ काढतायत? मी वाचणार. छापलेलं सगळं वाचणार."

"छापलेलं वाचाच," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला. "न छापलेल्याचं बघा."

४

उलगडा बाईनेच केला, आणि तो इतका सोपा होता की दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मध्ये एक दिवस काकू गावाला गेल्या होत्या. वडिलांना एकटं सोडता येईना, म्हणून एक प्रकरण तिने घरीच केलं होतं, वडिलांच्या खोलीतल्या मोठ्या कपाटात बसून. कपडे आवाज पितात, त्यामुळे असं पुष्कळजण करतात. दुपारचं भरवणं उरकून ती तशीच कपाटात शिरली होती आणि आधी घरची शांतता भरून घेतली होती. कानसेनने आळसाने ते एकच ठिगळ उचलून पुस्तकभर लावलं होतं.

"म्हणजे हे बाबा आहेत!" बाई म्हणाली. "पलंगावर तोंड हलवत पडलेले असतात जेवण झाल्यावर. अरे देवा, आणि आपण घाबरतोय!"

"लेखक महाशयांना कळवा. बाबांनी त्यांचा खोडलेला परिच्छेद खाल्ला म्हणावं."

हसू ओसरल्यावर तिने पुन्हा एकदा ऐकलं. प्रेमानेच ऐकलं, बाबांचा आवाज म्हणून. तेव्हा तिला ते टोक लागलं. ओल्या हालचालीच्या आत, अगदी मध्यावर, बारीक कठीण टोक. दातावर दात.

वडिलांच्या तोंडात दात नव्हते.

आणि आवाज जवळचा होता. पलंगावरचा नव्हता. कपाटाच्या आतला होता.

तिने हे कानसेनला सांगितलं नाही. तार असेल, तिने मनाशी म्हटलं. हँगर असेल. मनुष्य मनाशी काय काय म्हणू शकतो, त्याला सीमा नाही.

"इथली ताजी शांतता घेऊया," कानसेन म्हणाला. "सगळी ठिगळं बदलून टाकतो."

ती बूथमध्ये बसली. तोंड मिटलेलं, हात मांडीवर. स्पंजाचा वास. काचेतून कानसेन तिच्याकडे बघत होता. हात वर, डोळे यंत्रावर, मग तिच्यावर, मग यंत्रावर. त्याचा हात हळूहळू खाली आला. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, जरा लांबच.

"झालं?" तिने विचारलं. "ऐकव."

"आज राहू द्या, ताई." तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. मुद्दाम बघत नव्हता. "तुम्ही घरी जा."

५

काकू वाट बघतच होत्या. "आज जरा वेड्यासारखं करतायत. माझा पदर धरून बास-बास चाललंय सकाळपासून. तू भरव, मी निघते."

बाईने बटाटा कुस्करला, त्यात केळं, त्यात पाव. नेहमीसारखा तो गोळा वाटीत थलथलला. वाटी घेऊन ती पलंगाशी बसली. दुपारचं ऊन चादरीवर आलं होतं. वडिलांची मनगटं त्या उन्हात नको इतकी स्वच्छ दिसत होती, आतल्या हाडांसकट.

"आ करा."

भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं, हे त्या कादंबरीतही होतं. समोरच्याने आ करावा म्हणून आपण आ करतो. तिनेही केला. चमचा भरला, उचलला. मनात कादंबरीतली वाक्यं चालू होती, एकामागून एक, सुरेख, स्वच्छ उच्चारांत. चमचा भरला, उचलला. वाटी खरवडली. संपली.

"शहाणं माझं बाळ," ती म्हणाली आणि त्यांची हनुवटी पुसायला टॉवेल घेतला.

टॉवेल कोरडाच राहिला. हनुवटीवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"बास," वडील म्हणाले. तोंड उघडंच होतं.

तो आवाज तेव्हाच आला. ओला, बिनघाईचा, दातावर दात. तिने मान वळवली. कपाटाचं दार अर्धवट उघडं राहिलं होतं आणि दाराच्या आरशात खोली दिसत होती. ऊन, पलंग. एक म्हातारा पिल्लासारखी मान वर करून, आ वासून बसलेला. आणि त्याच्या समोर रिकामी वाटी मांडीवर घेऊन एक गुबगुबीत बाई. तिचा जबडा फिरत होता. चवीने, सावकाश.

मग चव आली. केळ्याची, दुधाची, कोमट स्टीलची. तिने बोट गालात घातलं आणि चावून झालेला गोळा बाहेर ओढला. तो बोटावरून मनगटावर लोंबला. त्याला तिच्या दातांच्या खुणा होत्या. आणि किळस, जी ती आजवर मला येत नाही म्हणून सांगत आली होती, ती एकदम सगळी आली, पायाच्या नखांपासून. बाई मोरीपर्यंतही पोचली नाही.

तोंड धुऊन आल्यावर तिने नवी वाटी केली. यावेळी आरशाकडे बघत भरवलं. पहिला घास आत गेला, निम्मा कोपऱ्यातून परत आला. चमच्याच्या कडेने तो खरवडताना तिला उमासा आला. तिने लपवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला किळस येते तुमची. फार येते."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ओघळलेलं अर्धं तोंड तसंच राहिलं, दुसऱ्या अर्ध्यावर काहीतरी हललं. हसूच म्हणायचं त्याला.

"बास," ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

६

आता कबुली.

आरसा मी आणला. त्या खोलीत आरसा नव्हता. हे मी पहिल्याच भागात सांगून ठेवलं होतं. ज्यांनी नीट वाचलं त्यांनी मला मघाशीच पकडलं असेल, आणि तरीही सोडून दिलं असेल, कारण म्हातारा जेवत होता. कपाटाच्या दाराला नुसती स्क्रूची भोकं होती. भोकांत कुणाला काही दिसत नाही. टॉवेल कोरडा होता, तो घडी करून दांडीवर गेला. बाकीचं तुम्ही वाचलं नाही असं समजा.

लेखकाने परिच्छेद काढला, मी आरसा बसवला. दोघांनीही तुमच्या पोटाची काळजी घेतली. तो परिच्छेद पुस्तकात राहिला असता, तर बाईला तो मोठ्याने वाचावा लागला असता, माईकसमोर, स्वच्छ उच्चारांत. मग काय झालं असतं ते मला ठाऊक नाही. मी फक्त गोष्टी सांगतो.

बाकी सगळं खरं आहे. काकू भेटायला येणाऱ्यांना अजून सांगतात, शेवटी शेवटी फार छान जेवायचे हो, वाटी अगदी लख्ख.

वडिलांचं दिवसकार्य आटोपल्यावर बाई कामावर आली. चेहरा उतरला होता, गाल बसले होते. शेवटचं प्रकरण तिने एका बैठकीत वाचलं. त्याआधी कानसेनने नवी शांतता घेतली, आणि भीत भीत ऐकली. ऑडिओबुक मिळतं, हवं तर तुम्हीही ऐका. चमचा खाली ठेवल्याचं वाक्य आहे ना, त्याच्या नंतरची जागा ऐका, आवाज पूर्ण मोठा करून.

काही नाही. एक कण नाही. लख्ख.